रस्सा चांगला आहे, पण नंबर कोणाचा?

आमच्याकडे विदर्भात हॉटेलची शिफारस करायची एक ठरलेली रीत आहे. “बसायला जागा भेटणार नाही, पाणी आपल्याच हातानं घ्यावं लागते, मालक खेकसते, पण रस्सा असा की बाप्पा!” सांगणारा हे सगळे तोटे इतके रंगवून सांगतो, की रश्श्याला चव त्यांच्यामुळेच आली असावी असं वाटू लागतं. ऐकणाराही लगेच मान डोलावतो. तालुक्याच्या गावी ज्या हॉटेलात धक्काबुक्की नाही, त्याचा आपल्याला थोडा संशयच येतो. रिकामं आहे ना, मग शिळं असणार.

यातलं अर्धं मला मान्य आहे आणि अर्धं अजिबात नाही. गर्दी आणि गोंधळ या दोन गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो आणि चवीच्या नावावर दोन्ही माफ करून टाकतो. माझं म्हणणं असं, की गर्दी माफच काय, कौतुकाचीही असू शकते. गोंधळ मात्र माफ करायचा आपल्याला अधिकार नाही, कारण त्याची किंमत बहुतेक वेळा आपण मोजतच नाही. ती दुसरंच कोणीतरी मोजतं.

आधी गर्दीची बाजू घेतो. आठवडी बाजाराच्या दिवशी विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जा. भाजीची दुकानं मांडून होण्याआधी कढई तापलेली असते. आलुबोंड्याचा घाणा उतरतो न उतरतो तोच संपतो. वऱ्हाडात त्याच्यावर कढी ओततात, नागपूरकडे सरकलं की तर्री. समोर घोळका नसता तर तोच आलुबोंडा परातीत तासभर पडून राहिला असता, वरचं आवरण मऊ पडलं असतं, आणि गिऱ्हाईक आल्यावर पुन्हा तेलात बुडवून काळा करून हातात पडला असता. म्हणजे आपण ज्या ताजेपणावर खूश होतो, तो आचाऱ्याच्या हाताइतकाच समोरच्या गर्दीनं घडवलेला असतो. तर्रीपोह्यांचंही तेच. वाफेवर धरलेले पोहे, शेजारी हरभऱ्याच्या तर्रीचं पातेलं, त्यावर लाल तवंग. प्लेट भरली, तर्री टाकली, कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, लिंबाची फोड, की पुढची प्लेट. सकाळच्या रेट्यात हे पोहे मोकळे आणि गरम मिळतात. तेच दुपारी बारा वाजता मागून बघा.

एक खोट मात्र इथंच सांगून टाकतो, कारण गर्दीचे भक्त ती सांगत नाहीत. बाजाराच्या दिवशी कढई रिकामी होत नाही. तेल कमी झालं की वरून ओततात, खालचं सकाळचंच असतं. १ जुलै २०१८ पासून आपल्या देशात तळणाच्या तेलाला मर्यादा आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात साठणाऱ्या विशिष्ट घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं, की ते तेल स्वयंपाकाला वापरू नये, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. बाजारातल्या कढईशी कोणी मोजमाप घेऊन उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही. तेव्हा गर्दीमुळे बोंडा ताजा मिळतो हे खरं, तेलाची हमी मात्र गर्दी देत नाही.

काही पदार्थ तर गर्दीसाठीच जन्माला आले. शेगावची कचोरी घ्या. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगावच्या स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली. मुंबई-हावडा मार्गावरची गाडी, थांबा मोजक्या मिनिटांचा, खिडकीतून बाहेर आलेले हात. अशा ठिकाणी रश्श्याची वाटी चालत नाही, ताट चालत नाही, चमचा तर नाहीच. म्हणून पदार्थ कोरडा, एका हातात मावणारा, सोबत फार तर तळलेली मिरची. कागदात गुंडाळून घेतला की मग भुसावळ येवो नाहीतर बडनेरा. ही कचोरी खाताना कोणी खुर्ची मागत नाही, आणि मागितली तर तो हट्टी ठरेल. मटणाचा रस्सा आणि ज्वारीची भाकर यांचं तसं नाही. त्यांना बूड टेकायला जागा लागते, हात धुवायला पाणी लागतं, दुसरी भाकर येईस्तोवर रस्सा गार होऊ नये एवढं वाढणाऱ्याचं लक्ष लागतं. चांगल्या चवीनं गैरसोय भरून निघते का, या प्रश्नाचं पहिलं उत्तर म्हणूनच ताटात काय आहे त्यावर अवलंबून आहे. जत्रेतला गोंधळ तर आणखी वेगळा. चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमच्या यात्रेत माणसं भर थंडीत मातीच्या हंडीतलं मटण आणि रोडगे, म्हणजे कणकेचे भाजलेले जाड गोळे, खायलाच जातात. धूर, धूळ, लहान पोरांची रडारड हे सगळं धरूनच जातात. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) रात्री नाटकाच्या मध्यांतरात चहा-भज्यांवर जी झुंबड उडते, तीही तशीच. वर्षातून एकदा, आपल्या हौसेनं, घरच्यांसोबत. तिथं शिस्तीचा फलक लावायला जाणारा माणूस माझ्याही डोक्यात जाईल.

गर्दीच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते ती चवीहून मोठी आहे. आपल्याला पंगतीचं फार कौतुक. पळसाच्या पत्रावळी, द्रोण, वाढप्यांची धावपळ, “आणखी एक घ्या न भाऊ” हा आग्रह. पंगतीत शिस्त होती हे खरंच आहे. पण कोणी कुठं बसायचं हे त्या शिस्तीत जन्मावरून ठरलेलं असायचं. काही घरं पंगतीत नसायचीच, त्यांच्या वाट्याला पंगत उठल्यावर जे उरेल ते. बाया सगळ्यात शेवटी. गावच्या चहाच्या दुकानात काही जणांची कपबशी वेगळी, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली, ज्याची त्यानं धुवून परत ठेवायची. हे ऐकीव पुराण नाही, ते पाहिलेली माणसं अजून आपल्या घरात आहेत. ही घडी विस्कटली ती चळवळीनं आणि कायद्यानं. १९२७ साली अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रहाची हाक दिली गेली, असे लढे त्यामागे आहेत. पण रोजच्या व्यवहारात तिला धक्का दिला तो बसस्टँडनं, जिनिंगच्या फाटकानं आणि तिथल्या हॉटेलातल्या लांबलचक बाकड्यानं. कापसाच्या हंगामात त्या बाकड्यावर मांडीला मांडी लावून आठ माणसं बसतात, तेव्हा शेजारच्याचं आडनाव विचारायला सवड नसते. जागा मिळाली हीच मेहेरबानी. पंगतीच्या शिस्तीनं जे पिढ्यान्‌पिढ्या केलं नाही, ते गर्दीनं थोडंफार करून दाखवलं. त्यामुळे बाकडी काढून दोन-दोन खुर्च्यांची टेबलं मांडली म्हणजे सुधारणा झाली, असं कोणी म्हटलं तर मी त्याच्या बाजूनं नाही.

पण त्या बाकड्यावरची आठही माणसं पुरुष होती. माझा दुसरा अर्धा इथून सुरू होतो.

बाजारात मेथी, सांबार, वांगी घेऊन बसलेली बाई पहाटे घरून निघालेली असते. दुपारी दोनच्या सुमारास माल संपत येतो आणि तिला भूक लागते. समोर, वीस पावलांवर, गावातलं सगळ्यात चवीचं हॉटेल. ती तिथं जात नाही. शेजारच्या पोराला पैसे देऊन भजी मागवते आणि पोत्यावर बसूनच वर्तमानपत्राच्या कागदात खाते. त्या शाईच्या कागदात खाद्यपदार्थ बांधायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी बंदी आहे, हे तिला ठाऊक नसेल, बांधून देणाऱ्यालाही नसेल, किंवा असेल आणि तरी चालत असेल. “आमच्या बाया हॉटेलात जात नाहीत, रीत नाही,” असं आपण म्हणतो. रीत हा अर्धाच खुलासा झाला. उरलेला असा, की त्या काउंटरवर प्लेट मिळवायची तर सात-आठ पुरुषांच्या खांद्यांमधून हात घालावा लागतो आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडावं लागतं. हे करायला कोणती बाई तयार होईल, आणि का व्हावं? काही ठिकाणी ‘फॅमिली रूम’ असते. आत डोकावून पाहा. एक बल्ब, मळका पडदा, आणि अर्ध्या जागेत आलूची पोती व रिकामे सिलिंडर.

बाई एकटीच नाही. गोळी घेऊन वेळेवर दोन घास पोटात जायला हवेत असा साखरेचा आजार असलेला म्हातारा आहे. पहिल्यांदाच एकटा तालुक्याला आलेला शाळकरी पोरगा आहे. मेळघाटातून परतवाड्याच्या बाजारात उतरलेला कोरकू मजूर आहे, मराठी त्याची घरची भाषा नसल्यानं तो चारचौघांत आवाज चढवत नाही. त्याच्या नोटेची किंमत इतरांच्या नोटेइतकीच असते, आवाजाची नसते. तो हात पुढं करून उभा राहतो आणि त्याच्या डोक्यावरून प्लेटा जात राहतात. तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबते, वरचा माणूस खालीही न उतरता हॉर्न वाजवून सांगतो, “भाऊ, चार प्लेट पार्सल बांधा,” आणि ते पार्सल आधी बांधलं जातं. पुढारी असेल तर त्याला हॉर्नही वाजवावा लागत नाही.

चव आणि गैरसोय यांचा हिशेब मांडताना आपण इथं चुकतो. चांगल्या चवीनं गोंधळ भरून निघतो असं म्हणणारा माणूस बहुधा प्लेट मिळालेला असतो. तो दहा मिनिटं घामाघूम झाला, कोणाचा पाय पडला, शर्टावर तर्री सांडली, पण शेवटी रस्सा तोंडात गेला आणि सगळं फिटलं. ज्याला मिळाली नाही, किंवा जी आत गेलीच नाही, त्यांच्याकडे फेडून घ्यायला चवच नाही. नुकसान एकाचं आणि भरपाई दुसऱ्याला, असा हा व्यवहार आहे. खाणाऱ्यानं स्वतःचा घाम माफ करावा, तो त्याचा हक्क आहे. दुसऱ्याचा गेलेला नंबर त्यानं कोणत्या अधिकारानं माफ करायचा?

लांब पल्ल्याची बस ढाब्यावर थांबते तेव्हा हे आणखी उघडं पडतं. पंधरा-वीस मिनिटं, पन्नास प्रवासी, एक काउंटर. धट्टेकट्टे आधी उतरतात. कडेवर पोर असलेली बाई खाली येईस्तोवर कंडक्टरनं बेल दिलेली असते. भाजी कितीही चांगली असो, तिला तिचा वासच मिळाला.

आता गाड्यांनी येणाऱ्यांबद्दल. हल्ली मोबाइलवरच्या रील पाहून नागपूर-अमरावतीची मंडळी सुटीच्या दिवशी गावाकडच्या ढाब्यावर येतात. अस्सल गावरान, चुलीवरचं, झणझणीत. येवोत, पैसा गावात येतो. पण त्यांना तिथल्या गोंधळाचंही कौतुक असतं, त्याचे व्हिडिओ काढतात, मालक शिव्या घालतो तोही चवीचाच भाग म्हणून दाखवतात. त्यांना ते परवडतं, कारण बाहेर थंडगार गाडी उभी असते आणि उद्या परत यायचं नसतं. इथल्या माणसाला तिथं दर बाजाराला जेवायचं आहे. त्याला ते दृश्य पाहायला मजा येत नाही. सावजी जेवणाचंही थोडंसं असंच झालं. हलबा कोष्टी समाजातल्या विणकरांच्या घरातला हा रस्सा. हातमागाचा धंदा बसत गेला तशा काही घरांनी राहत्या जागेतच भोजनालयं काढली. जागा कमी होती कारण पैसा कमी होता. आज त्या अडचणीलाच ‘अस्सलपणा’ समजून नवे मालक मुद्दाम कोंदट खोली ठेवतात, आणि आपण तीत शिरताना धन्य होतो. गरिबीमुळे सोसलेली गैरसोय आणि परवडत असूनही ठेवलेली गैरसोय यांत फरक करायला हवा. पहिलीला माझी सहानुभूती आहे, दुसरीला नाही.

“आपल्या लोकाइले लाइन समजतच नाही न, काय करता?” हे मालकाचं नेहमीचं उत्तर. मला ते साफ खोटं वाटतं. त्याच गावात पिठाच्या गिरणीवर जा. डबे ओळीत लावलेले असतात, त्यांच्या मालकिणी घरी गेलेल्या असतात, आणि कोणी दुसऱ्याचा डबा मागं सरकवत नाही. उन्हाळ्यात हापशीवर घागरींची रांग पाहा. भांडणं होतात, पण ती रांगेच्या नियमावर होतात, म्हणजे नियम सगळ्यांना ठाऊक असतो. हीच माणसं हॉटेलाच्या काउंटरवर येताच रांग विसरतात, याचं कारण तिथं रांग पाळणाऱ्याला काही मिळत नाही. आधी ओरडणाऱ्याला मालकच आधी देतो. उद्यापासून त्यानं शांत उभ्या असलेल्या माणसाला आधी द्यायला सुरुवात केली, तर आठ दिवसांत आरडाओरड बंद पडेल.

आणि मोठी गर्दी जेवू घालणं ही तर आमच्या भागाची खासियत आहे. बुलढाणा जिल्ह्यात मेहकरजवळच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या महोत्सवात पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद असतो. उघड्या शेतात लाखाच्या घरात माणसं ओळीनं बसतात, बाया आणि पुरुष दोन्ही. पुऱ्या आणि भाजी ट्रॅक्टरमध्ये भरून त्या ओळींमधून फिरवतात, हजारो स्वयंसेवक वाढतात, आणि वांग्याची ती भाजी चवीला कोणत्याही ढाब्याच्या तोंडात मारेल अशी असते. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात कोणत्याही दिवशी जा. रांग, पाणी, ताट, ताट ठेवायची जागा, धुतलेली फरशी, सगळं जागच्या जागी. सेवेकरी कोण? आसपासच्या खेड्यांतली शेतकरी माणसं, पाळीपाळीनं येणारी. गावोगावी मारोतीच्या पारावर रोडग्यांचा कार्यक्रम होतो तेव्हाही गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजण्यापासून वरण-वांग्याची भाजी वाढण्यापर्यंत सगळं पोरंच करतात. विदर्भातल्या खेड्यातल्या माणसाला शिस्त येत नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा या तीनपैकी कुठंही जेवून यावं. गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात गेले की आधी खराटा, मग कीर्तन. भुकेल्याला अन्न द्या हे सांगणारा माणूस आधी जागा झाडायचा, हे आपण फोटोला हार घालताना सोयीनं विसरतो.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. ती सेवा आहे, हा धंदा आहे. तिथं हजार हात फुकट राबतात, इथं मालक, त्याची बायको आणि दोन पोरं. शिवाय देवाच्या दारी माणूस नमून येतो, हॉटेलात पैसे टाकून येतो. बरोबर. हॉटेलवाल्याचा धंदा पाहिला तर त्याची कीव येते. सगळी विक्री बाजाराच्या तीन-चार तासांत, बाकी आठवडा माशा मारणं. कापूस वेचणीच्या दिवसांत कामाला माणूस मिळत नाही, तरणी पोरं पुण्याला गेलेली. उन्हाळ्यात बाहेरच पंचेचाळीस अंश, भट्टीपुढं किती ते त्यालाच ठाऊक. अशा माणसाकडून गणवेश घातलेले वेटर कोण मागतो? मी तर नाही. पण शेगावकडून घ्यायची गोष्ट हजार सेवेकरी ही नाहीच. तिथं आलेल्या शेवटच्या माणसाला खात्री असते की आपला नंबर येणार, म्हणून तो ढकलत नाही. ही खात्री द्यायला पैसा लागत नाही. पैसे घेताना हातात एक आकड्याचा बिल्ला द्यायचा आणि आकडा पुकारायचा. पार्सलची खिडकी वेगळी. बाकड्याचं एक टोक बायांसाठी, पडद्याआड नाही, पंख्याखाली. एवढ्यानं रश्श्याच्या मसाल्यात काही फरक पडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. “एकदा का शिस्त आणली, की चव गेलीच म्हणून समजा.” हायवेवरच्या चकचकीत ‘फॅमिली रेस्टॉरंट’कडे बोट दाखवतात. तिथं खरंच काही खरं नसतं. मेहकर असो की वणी, तीच लाल ग्रेव्ही, तेच पनीर, तोच गोड झालेला रस्सा. पाटवडी मागितली तर वेटर तोंडाकडे पाहतो. पण ही चव रांगेनं घालवली नाही. तिथं रांग नाहीच, टेबलं रिकामी आहेत. चव गेली ती सगळ्यांना सगळं विकायच्या नादानं. शंभर पदार्थांचं कार्ड छापलं की ग्रेव्ही आधी करून ठेवावी लागते. तीन पदार्थ विकणारं हॉटेल नंबर लावूनही तीनच पदार्थ विकेल. लग्नांत आपण नेमकं उलटं करून दाखवलं आहे. पंगत मोडली ते बरंच झालं, पण तिच्या जागी बुफे आणला. मे महिन्यात भर दुपारी हातात ताट घेऊन पाहुणे काउंटरवर एकमेकांना रेटतात, म्हातारी आजी खुर्चीवर बसून कोणी ताट आणून देईल म्हणून वाट पाहते, आणि एवढं करून जिलेबी गार. ना चव, ना शिस्त, वर नवरदेवाच्या बापाला हजारोंचा भुर्दंड. असो, हा विषय निघाला की मी थांबत नाही.

गोंधळाचं सगळ्यात वाईट काम वेगळंच आहे. त्याच्या आड बाकी सगळं लपतं. गर्दीत ताटं कशी धुतात ते कोणी पाहत नाही. एका बादलीत बुडवून दुसऱ्या बादलीत काढलेली प्लेट पुढच्या माणसाच्या हातात, आणि दुसऱ्या बादलीचं पाणी पहिल्या बादलीच्याच रंगाचं. एकच फडकं सकाळपासून सगळे टेबल पुसतं. ते फडकं ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे तरी नीट पाहावं. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यांवर कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनं तर चौदाखालच्या मुलांना जवळजवळ सगळ्याच कामांतून बाहेर काढलं. त्यात घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याची सूट आहे, आणि त्या सुटीत कितीतरी ‘पुतणे’ आणि ‘भाचे’ मावतात. शांत हॉटेलात एखादा तरी गिऱ्हाईक विचारेल, “का रे बाबू, शाळा कोणती तुझी?” गोंधळात त्याला फक्त “ए पोऱ्या, पाणी!” एवढंच ऐकू येतं. चांगल्या चवीनं जे फिटतं असं आपण म्हणतो, त्यात हा पोरगाही फिटतो का?

मी काही चवीचा वैरी नाही. चांगल्या रश्श्यासाठी उन्हात अर्धा तास थांबायला माझी तयारी आहे, आणि बाकड्यावर कोणी खेटून बसलं तर मला उलट बरं वाटतं. मागायचं ते मालकाकडून थोडं आणि ग्रामपंचायतीकडून जास्त. बाजाराची वसुली कोणाची? ग्रामपंचायतीची, किंवा गाव मोठं असेल तर नगरपरिषदेची. बहुतेक ठिकाणी बाजार फीचा ठेका लिलावानं जातो. ठेकेदाराची माणसं दर बाजाराला भाजीवालीपासून भजीवाल्यापर्यंत सगळ्यांकडून पावती फाडतात. एवढी वसुली होऊनही बाजाराच्या मैदानात वाहतं पाणी नसतं, सांडपाण्याला नाली नसते, आणि ज्या बायांच्या पावत्यांवर ठेका चालतो त्यांना दोन घास खायला सावली नसते, संडासाचं तर नावच घेऊ नका. मग भजीवाला दोन बादल्यांत प्लेटा बुडवतो यात त्याची एकट्याची चूक किती?

आर्थिक वर्ष संपता संपता पुढचा लिलाव लागेल. त्याआधीच्या ग्रामसभेत बहुतेक गावांत वीस-पंचवीस माणसं येतात आणि घरकुलाच्या यादीवर भांडून उठतात. त्या सभेत लिलावाच्या अटींत तीन गोष्टी लिहून घेता येतात: खाण्याच्या दुकानांच्या रांगेला एक नळ, त्याच्या पाण्याला एक नाली, आणि बसून खायला टिनाच्या सावलीतला एक ओटा, ज्यावर बायांनाही बसता येईल. बोली थोडी खाली येईल. तेवढी येऊ द्यावी.